अहो, ऐकलंत का?

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकतीस बटणं होती. लेकीनं डिझाइन केलेल्या नव्या गाडीत एकही नव्हतं. होता फक्त एक स्क्रीन, आणि एसी त्याच्या चौथ्या पानावर दडलेला. गाडी चालवताना बोटं तिथवर पोचेनात, म्हणून तिनं गाडीला हाकेसरशी कामं करायला शिकवलं. हाकेसाठी अदबशीर शब्द निवडला, 'अहो'. आजची चाचणी फसली तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती.

बाबा चालवत होते, आई शेजारी, लेक वही घेऊन मागे.

"अहो, एसी जरा कमी करा ना," आई बाबांना म्हणाली.

"केला," गाडी म्हणाली.

"अहो, तुम्हाला नाही, मी यांना सांगतेय!"

"बोला, काय करू?" पुन्हा गाडीच. बाबा आपले समोर बघत चालवत होते.

लेकीनं कपाळाला हात लावला. "आई, शब्दच चुकला गं माझा. उद्या बदलते."

"खबरदार हात लावलास तर!" आई म्हणाली.

 

वहीतली नोंद: आईची 'अहो' अशी हाक, सतरा वेळा. गाडीनं ओ दिली सतरा वेळा, बाबांनी दोनदा.