दुसरी बाटली

सरोजिनीबाई रिटायर होत होत्या आणि वाशीच्या त्या इस्पितळाचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. एकोणऐंशी साली चिखल तुडवत येऊन बाईंनीच इथली रक्त तपासायची लॅब उभी केली होती. त्यांचा एकच हेका असे: आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय बरोबर म्हणायचा नाही.

बाईंना शाल पांघरवून मोठे डॉक्टर जयप्रकाश माईकपाशी गेले. "बाईंच्या रिपोर्टवर मी डोळे झाकून औषध दिलं. मी इथे आल्यापासून नऊ वर्षांत त्यांचा एकही रिपोर्ट चुकला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचे डोळे भरून आले. पण सवय कुठली गप्प बसायला! त्या हसत म्हणाल्या, "चुकला नाही हे कशावरून, डॉक्टर?"

"कशावरून म्हणजे? प्रत्येक सीरियस पेशंटच्या रक्ताची दुसरी बाटली मुंबईच्या लॅबला जातच होती ना!" बोलून गेल्यावर डॉक्टरांनी जीभ चावली.

पेशंटचं रक्त काढायला लॅबमध्ये एकटी जयमालाच होती. बाईंनी तिला सुई धरण्यापासून शिकवलं होतं. सकाळीच ती बाईंच्या गळ्यात पडून रडली होती. बाईंनी मान वळवून नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"मनाला लावून घेऊ नका ना, बाई," जयमाला घाईघाईने म्हणाली. "दर वेळी दोन्ही आकडे मीच ताडून बघायचे. तुम्हीच तर शिकवलंत."