कोष्ट्याची गाठ

प्रियदर्शनी मॅडमची जुनी कार दर आठवड्याला काळा धूर ओकत महाल भागातल्या हेमराजच्या गॅरेजात यायची आणि त्याच्या बायकोच्या, गोपिकाच्या, अंगाचा तिळपापड व्हायचा.

"काय करू वं? जुनी गाडी हाय, पेट्रोल जास्तच पिऊन राहिली," हेमराज म्हणायचा.

एकदा तो चहाला गेला तशी गोपिकानेच बॉनेट उघडलं. इंजिन किती तापलं हे सांगणाऱ्या सेन्सरचा प्लग काढलेला होता. तापलेल्या इंजिनालाही गार समजून गाडी पेट्रोल ढोसत होती. यायला निमित्त हवं म्हणून मॅडमच काढत असणार! गोपिकाने प्लग दाबून बसवला, वर सुताने माहेरची, कोष्ट्यांची गाठ मारली. ती विणकराच्या घरातल्यालाच सुटते, इतरांना कापावी लागते. धूर थांबला. हेमराज गाडी मॅडमच्या घरी सोडून आला.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा धूर सोडत हजर. "आता सापडली सटवी," म्हणत गोपिकाने बॉनेट उचललं. प्लग लोंबत होता. सूत मात्र कुठेच कापलेलं नव्हतं. गाठ अलगद सोडवलेली होती.

"काय झालं वं?" हात पुसत हेमराज आला.

गोपिका त्याच्या बोटांकडे बघत राहिली. तिचं सासरही कोष्ट्याचंच होतं.