गेनबांची माळ

“दारूनंच गेले ते,” चंद्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी पोह्यांची बशी पाहुण्यांपुढं सरकवली.

प्रेरणा चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात आली होती. तिथंच थबकली. वडलांचं वर्षश्राद्ध होऊन महिनाही झाला नव्हता. गेनबा पिऊन पिऊन मेला, असं सगळं उत्रोली गाव म्हणत होतं, ते तिनं ऐकून घेतलं होतं. पण आज ते त्यांची बायको सांगत होती. तेही सोयऱ्यांना, घरात बसून.

शिवऱ्याहून, प्रेरणाच्या भावाला सांगून आलेल्या मुलीचे वडील हनुमंतराव आणि मुलीचा मामा घर बघायला आले होते. गोठा बघून झाला होता, विहीर बघून झाली होती. हनुमंतरावांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

“चालायचंच. कुणाच्या घरात न्हाई? आमचा थोरला भाऊबी त्यातच गेला.”

“त्याला शेवटचं पानी पाजाय गेलो,” मामा म्हणाला, “तर वास घेऊन तोंड फिरवलं गड्यानं.”

सगळे हसले. चंद्राबाईसुद्धा हसल्या. अमृत तेवढा हसला नाही. त्यानं बहिणीच्या हातून कप घेतला, दोन्ही हातांनी, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. पस्तिशीचा माणूस. शेती करतो म्हणून कितीतरी ठिकाणांहून नकार पचवलेला. आता कुठं एक स्थळ घरापर्यंत आलं होतं.

“आई, जरा आत ये,” प्रेरणा म्हणाली.

स्वयंपाकघरात आल्यावर तिनं आवाज खाली ठेवला.

“माळकरी माणसाला दारुडा ठरवलंस तू? आबांना?”

“हळू बोल.”

“मी रिपोर्ट दाखवले होते तुला. सगळं समजावून सांगितलं होतं.”

आबा गेल्यावर पुण्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांचे जुने कागद पाहिले होते आणि तिचं रक्त तपासायला लावलं होतं. अंगात लोह साठत जाण्याचा, पिढीतून पुढं येणारा आजार होता तो. माणसाला अन्नातून मिळतं तेच लोह, पण ते बाहेर पडायचं नाव घेत नाही. यकृतात, सांध्यांत, कातडीत साचत राहतं. प्रेरणाकडं त्याचा वडलांकडून आलेला एकच वाटा होता. तिनं दरवर्षी लोह तपासत राहायचं, एवढंच. “एका वाट्यावर तुमचं निभावेल,” डॉक्टर म्हणाले होते, “पण भावाला आईकडूनही दुसरा वाटा आला असेल, तर थांबू नका. वेळेवर कळलं तर ठरावीक दिवसांनी पिशवीभर रक्त काढायचं. माणूस पूर्ण आयुष्य जगतो.”

आबांचं रक्त कुणी काढलंच नव्हतं. त्यांचा चेहरा तांब्यासारखा झाला, तेव्हा गाव म्हणालं, दारूनं करपला. भजनी मंडळानं गळ्यातली माळ उतरवायला लावली, असं तिच्या कानावर आलं होतं. आज सकाळी देवळापाशी मंडळाच्या सावळाबुवांनी हात वर करून “कधी आलीस पोरी?” विचारलं, तेव्हा प्रेरणानं मान वळवली होती.

“दादाची बोटं बघ,” ती म्हणाली. “मूठ वळत नाही त्याची. विळा धरता येत नाही. मी त्याला उद्या भोरला नेते, रक्त तपासायला.”

“लगीन होऊ दे. मग ने कुठं न्यायचं तिथं.”

“आणि तोवर?”

“तोवर नाव काढू नगं. रक्तातलं दुखणं म्हणलं की ही माणसं चप्पल घालून चालू लागतील. दारूला कोण माघारी जात न्हाई.”

“म्हणून आबांचं नाव घालवलंस. सावळाबुवांनी त्यांच्या गळ्यातली माळ काढली, तेव्हाही अशीच गप्प बसली असशील.”

“कुणी न्हाई काढली.” चंद्राबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “त्येंनी सोताच्या हातानं काढली. सावळाबुवा पाया पडत हुते, नका काढू म्हणत हुते.”

“का?”

“भोरच्या डॉक्टरनं इचारलं, पिता का. म्हणला, पीत नसाल तर हे घराण्यातलं दुखणं असणार, पोरांना घिऊन या, त्यांचंबी रक्त बघू. त्याच आठवड्यात तुझी सुपारी हुती. ह्ये म्हणले, पितो. घरी येता येता देवळात माळ ठिवली. दुसऱ्या दिवशी गुत्त्यावर जाऊन बसले, समद्यांनी बघावं म्हणून. मला शपथ घातली, पोरीला सांगायचं न्हाई.”

प्रेरणानं ओट्याला हात टेकला. गाव, सावळाबुवा, आई. ज्यांच्यावर ती वर्षभर चिडत आली होती, त्यांतलं कुणीच आता दोषी उरलं नव्हतं. राग मात्र तेवढाच होता. तिचं लग्न थाटात झालं होतं. आबा मांडवात एका कडेला बसून होते. त्यांना कुणी अक्षता वाटायलाही बोलावलं नव्हतं.

बाहेरून हनुमंतरावांचा आवाज आला.

“एक इचारतो, अमृतराव. राग मानू नका. तुमी सोता घेत न्हाई ना?”

“न्हाई.”

“मग झालं की. सुपारी फोडून टाकू.”

चंद्राबाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. प्रेरणानं त्यांची बोटं एकेक करून हळूच सोडवली आणि ती बाहेर गेली.

“माझे वडील दारूनं गेले नाहीत,” ती म्हणाली. “माझं लग्न मोडू नये म्हणून गेले. दादाचं रक्त आम्ही उद्या तपासणार आहोत. सुपारीचं तुम्ही त्यानंतर ठरवा.”