साहेबाले विचारा लागते

रूपरावांनी पुस्तकांच्या कपाटांपुढच्या जाळीच्या दाराला लावलेलं कुलूप हातात घेतलं, किल्ली आत घातली, पण फिरवली नाही.

"मॅडम, पहिले साहेबाले विचारा लागते."

"प्राचार्यांशी मी कालच बोलले," नमिता म्हणाली. "मुलांनी स्वतः आत जाऊन पुस्तकं बघायची. ते हो म्हणालेत."

"प्राचार्य नाई. आपले साहेब."

देवळीच्या या कॉलेजात ती ग्रंथपाल म्हणून याच आठवड्यात रुजू झाली होती. तिच्या आधीचे ग्रंथपाल, प्रभाकरराव, दिवाळीच्या सुमारास वारले होते. त्यांचा हार घातलेला फोटो काउंटरच्या वरच होता.

"रूपरावजी, आपले साहेब म्हणजे कोण?"

रूपरावांनी नुसतं ग्रंथपालाच्या केबिनकडे पाहिलं. केबिनचं दार लोटलेलं होतं. आत वायरिंगचं काम बाकी आहे असं सांगून पहिल्याच दिवशी तिला बाहेर टेबल मांडून दिलं होतं. तिनंही ते मनावर घेतलं नव्हतं.

भरदुपारची वेळ. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कूलर घरघरत होता. बी.एस्सी.ची आचल जाळीशी केव्हाची ताटकळत उभी होती. तिची परीक्षा तोंडावर आली होती.

"साहेब आतच असतात, मॅडम," फडकं मारता मारता वच्छलाबाई म्हणाल्या. शेजारचं कोणी घरात आहे असं सांगावं, तितक्या सहज. त्या आणि रूपराव इथले परिचर. "दारापाशी जाऊन विचाराचं. खोकलले का, मंग नाई कराचं."

"आणि नाही खोकलले तर?"

वच्छलाबाईंचा हात थांबला. "असं तं कधी झालं नाई."

"जिवंत होते तेव्हा तरी हो म्हणायचे का?"

"नाई," रूपराव म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "साहेब हो म्हणतच नव्हते. पण त्याहीच्या राज्यात पुस्तकाचं एक पान फाटलं नाई, मॅडम."

नमिता तडक केबिनपाशी गेली. दार ढकलायचंच म्हणून तिनं हात उचलला, आणि हात आपोआप टकटक करू लागला.

"सर, आत येऊ का?" आवाज तिचाच होता, पण दबका.

आतून खोकला आला. कोरडा, तुटक. घशाला काही झालेलं नसताना समोरच्याला गप्प करायला माणूस खोकतो, तसा.

तिनं वळून पाहिलं. वच्छलाबाई खाली बघत होत्या. रूपरावांनी किल्ली कुलपातून काढूनही घेतली होती. दोघांच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं. खोकल्यापेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

राहू द्यावं, तिला वाटलं. परीक्षा झाल्यावर बघू. आणि असं वाटल्याबरोबर अंगातला ताण एकदम उतरला. किती सोपं होतं ते! या खोलीतली सगळी वर्षं अशीच गेली असतील.

ती रूपरावांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेबांचं राहू द्या. माझंही राहू द्या. तुम्हाला काय वाटतं? उघडायचं की नाही?"

"मले?"

"तुम्हालाच. काही बिघडलं तर माझ्यावर. प्राचार्यांना मी तोंड देईन."

आतून खोकला आला. पुन्हा आला, या वेळी अगदी दारामागून. रूपरावांच्या कपाळावरून घाम ओघळला. केस काळे होते तेव्हापासून ते या जाळीशी बसत आले होते, आणि त्यांना काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांना ते शोधावंच लागत होतं.

"मले वाट्टे..."

खोकला.

"पोरगी केव्हाची उभी हाय ना!" ते जवळजवळ रडतच म्हणाले. "मले वाट्टे, जाऊ द्या लागते पोरीले."

त्यांनी किल्ली फिरवली. गंजलेलं दार हलेना, तेव्हा खांदा लावला. आचल आत शिरली, कपाटांमधून हळूहळू चालत गेली, एक पुस्तक ओढून वळली.

"काका, हे घेऊ का?"

तिघांनीही केबिनकडे पाहिलं. काही आवाज नाही.

"घे," रूपराव म्हणाले. "घे ना माय. इथंच बसून वाच."

आत खुर्ची सरकली. कोणीतरी उठलं. सावकाश पावलं दारापर्यंत आली आणि पलीकडे थांबली.

वच्छलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "मॅडम, नोका जाऊ."

नमिता गेली. तिनं दार पुरतं उघडलं, आत न बघता बाजूला झाली आणि वडीलधाऱ्याला वाट द्यावी तशी मान खाली घालून उभी राहिली.

"या, सर."

तिला काही दिसलं नाही. तिनं मान वर केली तेव्हा वच्छलाबाई आणि रूपराव, दोघांच्याही माना केबिनपासून बाहेरच्या दाराकडे, उन्हाकडे, हळूहळू एकदमच वळत चालल्या होत्या.