वाट बघणाऱ्या बायका

"बारा सांगितल्या होत्या, नऊच आल्या," विनिता पुटपुटली. अर्नाळ्यातून बायका जमवून द्यायचं ॲंजेला आंटीने कबूल केलं होतं. पण आंटीचा स्वतःचाच पत्ता नव्हता आणि फोनही लागत नव्हता.

सहायक दिग्दर्शक म्हणून विनिताचा हा पहिलाच सिनेमा. कोळ्यांचे कष्ट पडद्यावर अगदी अस्सल दिसले पाहिजेत, असा दिग्दर्शक जितेशसरांचा हट्ट. आजचा किनाऱ्यावरचा सीन फसला तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

आणि या बायकांना तर काडीचा उत्साह नव्हता. लुगडी नेसून या म्हटलं होतं, तर कुणी गाऊनवरच, कुणी नवऱ्याचा शर्ट चढवलेली. दिलेला चहा तसाच गार झाला. कॅमेऱ्याकडे बघू नका, हे मात्र एकदाही सांगावं लागलं नाही.

"रडत का नाहीयेत?" जितेशसर कडाडले. "नवरे समुद्रात अडकलेत, सांगितलंस ना? की पिकनिकला आल्यात?"

विनिता सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईजवळ गेली. नाव विचारलं. रोझलीन.

"रोझलीनताई, असं समजा, तुमच्या माणसाची बोट तीन दिवस आलीच नाही."

"तीन दिसांत कोनी रडत नाय," पाण्यावरची नजर न काढता रोझलीन म्हणाली. "बोटी चार-चार दिस भायेर अस्तात."

विनिताने धावत जाऊन सरांना सांगितलं. सर एकदम खूश. असले बारकावे मुंबईत बसून सुचत नाहीत म्हणाले. "मग सहा कर. आणि वायरलेसही बंद."

"सहा दिवस झाले, ताई," विनिता परत येऊन म्हणाली. "वायरलेसही लागत नाहीये."

रोझलीनने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. मग ती मटकन वाळूत बसली आणि तिने हंबरडा फोडला. बाकीच्या आठजणींनाही आवरेना. कॅमेरा चालूच होता.

"कट! वा!" सरांनी टाळ्या वाजवल्या. विनिताचा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबल्या. नटूनथटून ॲंजेला आंटी उतरली, मागे लुगडी नेसलेल्या बायकांचा घोळका.

"उशीर झाला, बाय. मोजून बारा आनल्यात. कुठं उभ्या करू?"

विनिताने वाळूकडे हात केला. "मग त्या कोण?"

आंटीचा आवाज एकदम खाली आला.

"त्यांना काय नको विचारू, बाय. त्यांची बोट आली नाय अजून."