टर्बोची पथ्यं

या, असे पुढे सरकून बसा. मृदंग सुरात लागेपर्यंत धुळ्याच्या एका गाडीची गोष्ट सांगून होईल.

देवपुरातल्या गॅरेजसमोर तोतारामने गाडी उभी केली, तेव्हा तिचा डावा दिवा फुटला होता आणि मडगार्डमध्ये बाभळीची साल अडकली होती.

"काय व्हयनं रे?" गॅरेजवाल्या उखर्डू वस्तादांनी विचारलं.

"गुरं आडवी आली, भाऊ."

वस्तादांनी ती साल उपटून बोटांत फिरवून पाहिली आणि बाजूला टाकली.

तोताराम धुळे-जळगाव सीटा, म्हणजे प्रवासी, भरून न्यायचा. दोनदा जाऊन यायचा, लग्नसराईत तिसरी फेरीही मारायचा. त्याच्या आधीच्या टेम्पोचं इंजिन पारोळ्याजवळ जाम झालं आणि टेम्पो भंगारात गेला. मग सुरतेहून ही छोटी डिझेल गाडी आणली, जुनीच. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं. विकणारा म्हणाला होता, वाऱ्यासारखी पळते. पळतही होती. पण हिचंही इंजिन गेलं तर या वयात पुन्हा दुसऱ्याची गाडी हाकावी लागेल, या धास्तीने त्याला धड झोप लागत नसे.

"दिव्याचं राहू द्या, भाऊ. आधी इंजिन पाहा. टर्बो लवकर जातो म्हणतात."

वस्तादांनी बॉनेट उघडलं. बराच वेळ वाकून पाहिलं. मग मान वर करून तोतारामकडे पाहिलं. डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले. उभ्या उभ्याच तो खांबाला टेकला होता.

"टर्बो म्हंजे नाजूक काम शे," वस्ताद हात पुसत म्हणाले. "पथ्य पाळशी तर वरीसनुवरीस चाली. नही पाळं, तर येक दिन रस्तामाच खलास."

"सांगा, भाऊ. सगळं पाळतो."

"फागणाले थांब, पारोळाले थांब, एरंडोलले थांब. इंजिन चालूच ठेव, तापेल टर्बो झटक्यात बंद कया का जळस. तू मातर खाले उतर. थंड पानीनं हाततोंड धो, चारी चाकंसले हात लाव. मंग येक अभंग म्हन, आख्खा. तवढामा टर्बो थंड व्हस."

"अभंग?"

"घड्याळ शे का तुनाकडे?"

नव्हतं.

"मंग? आनि उभा राहीसन म्हन, टाळ्या वाजाडीसन. बसीसन म्हनं का मानूस कडवं खाई जास."

आणखीही पथ्यं होती. दुपारी जळगावात गाडी तासभर निंबाखाली उभी करायची, आणि लक्ष ठेवायला माणूस आतच हवा.

"आडवा पडलो तर चालेल?"

"पड ना. लक्ष काय, कानंसनंबी राहस."

तिसरी फेरी टर्बोला अजिबात सोसत नाही. आणि शेवटचं म्हणजे, दुसऱ्या मिस्तरीला बॉनेट उघडू द्यायचं नाही.

हे ऐकून तोतारामची बायको लताबाई हसली. "तुमना वस्ताद भलता हुशार शे हो! गिऱ्हाईक बांधी ठेवानी रीत शे ती." पण सकाळी पाण्याचा कॅन तिनेच भरून गाडीत ठेवला.

पहिले काही दिवस सीटा कुरकुरल्या. बांगड्या विकायला जाणाऱ्या बेबाबाई तर तोंडावर म्हणाल्या, "तोताराम, गाडी शे का भजनी मंडळ?" पुढच्या महिन्यात त्याच खाली उतरून टाळ्या धरू लागल्या. पारोळ्याला त्यांचा आवाज चढला की चहावाला गाळणी हातात घेऊनच बाहेर यायचा. इंजिन घरघरत असायचं आणि त्यावर विठ्ठलाचं नाव चढत जायचं.

तेल काळं पडायच्या आत बदललं जायचं, हवेचा फिल्टर झटकला जायचा, पाणी पाहिलं जायचं. बिघडल्यावर पाहणं म्हणजे पाहणंच नव्हे, असं वस्ताद म्हणायचे. तोताराम थकून घरी यायचा, पण गाडीने त्याला रस्त्यात कधी सोडलं नाही.

त्याच रस्त्यावर झुलाल नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी होती, नवीकोरी. एका पहाटे ती मुकटीजवळ उभ्या ट्रकखाली शिरली. ब्रेकचा आवाज कोणी ऐकला नाही. तोताराम झुलालच्या दहाव्याला जाऊन आला. मग लताबाईला म्हणाला, "इंजिन तर चांगलं होतं त्याचं." आणि त्या आठवड्यात त्याने स्वतःच्या गाडीचं तेल दोनदा तपासलं.

पुढे एका उन्हाळ्यात उखर्डू वस्ताद गेले. पांझरेकाठी चितेला अग्नी दिला तेव्हा तोताराम लहान पोरासारखा रडला. माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण बॉनेट आता उघडायचं कोणापुढे, हेही होतं. कितीतरी महिने त्याने ते कोणाला उघडू दिलं नाही. अखेर इंजिनातून बारीक खडखड येऊ लागली, तेव्हा मन घट्ट करून तो जळगावच्या रुपचंद मिस्तरीकडे गेला.

"टर्बो जपून हाताळा," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "वस्तादांनी पोटच्या पोरासारखा सांभाळलाय. त्याच्यासाठी रोज तीन ठिकाणी थांबतो मी."

रुपचंदने खडखड शोधली. एक बोल्ट सैल होता, तो आवळला. मग टॉर्च लावून इंजिनाच्या या अंगाला, त्या अंगाला पाहत राहिला.

"काका, रोज तीन ठिकाणी थांबायचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वस्तादांनी. टर्बो थंड व्हायला."

"या गाडीला टर्बो नाही, काका," रुपचंद म्हणाला. "कधी नव्हताच. बॉनेट उघडताक्षणी कुठल्याही मिस्तरीला दिसतं ते."

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा देवपुरातल्या उखर्डू वस्तादांची आठवण असू द्या.