ओलीची साडी

शाल्मलीने नजरेची कोरी साडी नेसली. नेसणारीच्या डोळ्यांत जे भरून असेल तेच या कापडावर उमटायचं. म्हणून ती आठवडाभर संग्रहालयातल्या पैठण्या आणि पबांचे झगमगते दिवे बघत हिंडली होती. साड्यांच्या दुकानाच्या मालकिणीला डिझाइन पसंत पडलं नाही तर नोकरी जाणार होती.

साडीवर करडे, फुगीर डाग उमटले.

"कुठल्या चित्रकाराचं गं हे?" मालकीण मेहरूबाईंनी विचारलं.

"आमच्या खोलीतली ओल आहे, बाई. बाळ रात्रभर झोपत नाही. त्याला थोपटत मी भिंतीकडे बघत बसते."

"असलं बाजारात कुणाकडे नाही. अजून सहा हवीत. बाळाला लवकर झोपायची सवय लावू नकोस हं."

शाल्मलीने दमून डोळे मिटले. डाग विरत गेले आणि साडी काठापासून काळी होऊ लागली.